रॅन्समवेअर: संसर्ग, कुलूप आणि उतारा

स्वरूप

संगणकातील फाइली कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीविना वाचता येणार नाहीत अशा रूपात बदलून, त्या किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्रॅम म्हणजे रॅन्समवेअर. इतर घातक प्रोग्रॅम शक्य तितका काळ लपून राहतात. रॅन्समवेअरला मात्र काम संपताच प्रकट व्हावे लागते, कारण पैसे किती आणि कोठे भरायचे हे कळवल्याखेरीज त्याचा हेतू साधत नाही. म्हणूनच खंडणीची सूचना पडद्यावर येते तेव्हा बहुतेक हानी होऊन गेलेली असते. यापुढे प्रश्न दोन उरतात: प्रोग्रॅम काढून टाकणे आणि फाइली परत मिळवणे. पहिला बहुधा सुटतो. दुसऱ्याचे उत्तर किल्ली कोठे आहे यावर ठरते.

दोन किल्ल्या

1989 मध्ये एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे 20,000 फ्लॉपी टपालाने पाठवण्यात आल्या. त्यांतील प्रोग्रॅम संगणक किती वेळा सुरू झाला हे मोजत असे आणि साधारण नव्वदाव्या वेळी फाइलींची नावे कूटबद्ध करून पनामातील टपालपेटीच्या पत्त्यावर 189 डॉलर मागत असे. पण कुलूप लावण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच होती आणि ती प्रोग्रॅममध्येच दडलेली होती. त्यामुळे तज्ज्ञांनी लवकरच उतारा तयार केला. 1996 मध्ये अ‍ॅडम यंग आणि मोटी युंग या संशोधकांनी ही उणीव खंडणीखोर कशी भरून काढू शकतील, हे धोक्याची सूचना म्हणून दाखवून दिले. त्यांनी मांडलेल्या रचनेत किल्ल्या दोन असतात. सार्वजनिक किल्लीने कूटबद्ध करता येते, पण उलगडण्यासाठी खासगी किल्लीच लागते. उघडे कुलूप कोणालाही दाबून लावता येते, चावी मात्र मालकाच्या खिशात असते, तसेच हे आहे. हल्लेखोर संगणकात केवळ सार्वजनिक किल्ली पाठवतो. त्यामुळे संगणकाचा कानाकोपरा धुंडाळला तरी हवी ती किल्ली सापडत नाही.

सार्वजनिक किल्लीचे गणित संथ असते. म्हणून प्रत्यक्ष फाइल एका वेगवान, एकेरी किल्लीने कूटबद्ध केली जाते आणि ती छोटी किल्ली तेवढी सार्वजनिक किल्लीने बंद केली जाते. हजारो फाइली अल्प वेळात निकामी होतात त्या यामुळे.

शिरकाव

बिल किंवा कुरिअरची पावती भासवणारी ईमेलची जोडफाइल हा जुना मार्ग आहे. दूरस्थ प्रवेशाची सोय दुबळ्या पासवर्डसह इंटरनेटला खुली ठेवणे हा कार्यालयांच्या बाबतीतला मोठा मार्ग. महागड्या सॉफ्टवेअरच्या फुकट ‘क्रॅक’ प्रती हा तिसरा, घरगुती संगणकांना विशेष बाधणारा मार्ग. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ नावाचे कुटुंब मुख्यतः यातूनच पसरले. या तिन्हींत माणसाची काही ना काही चूक लागते. चौथ्या मार्गाला तीही लागत नाही.

वॉनाक्राय

12 मे 2017 रोजी पसरलेला ‘वॉनाक्राय’ हे या चौथ्या मार्गाचे उदाहरण. विंडोजमध्ये नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची एक जुनी पद्धत होती आणि तिच्यात दोष होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने त्या दोषावर बेतलेले ‘इटर्नलब्लू’ हे साधन स्वतःजवळ ठेवले होते. मायक्रोसॉफ्टने 14 मार्चला दुरुस्तीचा पॅच दिला. 14 एप्रिलला ‘शॅडो ब्रोकर्स’ नावाच्या गटाने ते साधन जाहीर केले. पुढच्या चार आठवड्यांत ज्यांनी पॅच बसवला नाही, त्यांच्यापर्यंत वॉनाक्राय पोचला. बाधित संगणक स्वतःच शेजारचे संगणक शोधत असे, त्यामुळे कोणी काहीही न उघडता संसर्ग वाढत गेला. दीडशेहून अधिक देश त्याच्या कक्षेत आले. इंग्लंडमधील सार्वजनिक आरोग्यसेवेच्या 236 पैकी 81 ट्रस्टना फटका बसला आणि रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. मागणी 300 डॉलरच्या बिटकॉइनची होती. तीन दिवसांनंतर ती दुप्पट होत असे. विंडोज आपोआप राखते त्या जुन्या प्रतीही हा प्रोग्रॅम पुसून टाकी.

त्याला आवर बसला तो अनपेक्षितपणे. काम सुरू करण्यापूर्वी प्रोग्रॅम एका अस्तित्वात नसलेल्या संकेतस्थळाशी संपर्क साधून पाहत असे आणि उत्तर आले तर थांबत असे. मार्कस हचिन्स या तरुण ब्रिटिश संशोधकाने ते नाव नोंदवले आणि नवा प्रसार मंदावला. आधी कूटबद्ध झालेल्या फाइली मात्र त्यामुळे सुटल्या नाहीत.

पहिली कृती

बाधित संगणकाची नेटवर्कची वायर काढणे आणि वाय-फाय बंद करणे हे पहिले काम. जोडलेली हार्ड डिस्क व पेन ड्राइव्हही लगेच वेगळे करायचे असतात. संगणक तडकाफडकी रीस्टार्ट करणे मात्र हिताचे नाही. वॉनाक्रायच्या बाबतीत किल्ली घडवताना वापरलेल्या मूळ संख्या काही संगणकांच्या तात्पुरत्या स्मृतीत शिल्लक राहिल्या होत्या आणि ‘वॉनाकिवी’ या साधनाने त्यांवरून किल्ली पुन्हा घडवता आली. रीस्टार्ट झालेल्या संगणकांतून ही संधी गेली. खंडणीच्या सूचनेचे छायाचित्र, तिची फाइल आणि एखादी कूटबद्ध फाइल जपून ठेवावी लागते, कारण प्रकार ओळखण्याचे पुरावे तेच असतात. भारतात तक्रारीसाठी 1930 हा क्रमांक आहे. संस्थांना अशी घटना सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या सरकारी यंत्रणेला कळवण्याचे बंधन 2022 पासून आहे.

उच्चाटन

स्वतंत्र माध्यमावरून सुरू होणाऱ्या अ‍ॅन्टिव्हायरसने मूळ प्रोग्रॅम काढता येतो. पण हल्लेखोराने मागे आणखी एखादी वाट उघडी ठेवली आहे का, याची खात्री त्यातून मिळत नाही. म्हणून डिस्क फॉरमॅट करून विंडोज नव्याने बसवणे अधिक भरवशाचे. क्रम इथे महत्त्वाचा आहे: आधी कूटबद्ध फाइलींची प्रत काढणे, मग फॉरमॅट, मग पॅच, मग स्वच्छ संगणकावरून सर्व पासवर्ड बदलणे, आणि शेवटी बॅकअप जोडणे. बॅकअप आधी जोडल्यास तोही हातचा जाऊ शकतो.

फाइलींची पुनर्प्राप्ती

स्वतंत्र ठेवलेला बॅकअप हा खात्रीचा मार्ग. तो नसल्यास कुलपातील दोष शोधावा लागतो. डच पोलीस, युरोपोल आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै 2016 मध्ये सुरू केलेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ उपक्रमात अनेक प्रकारांचे उतारे विनामूल्य मिळतात. ‘स्टॉप’ला हल्ल्याच्या वेळी स्वतःच्या सर्व्हरशी संपर्क साधता आला नाही, तर तो प्रोग्रॅममध्येच असलेली, अनेकांना समान अशी किल्ली वापरतो, ती हाती लागली की त्या सर्वांच्या फाइली उलगडतात. शिवाय तो फाइलीचा केवळ सुरुवातीचा सुमारे 150 केबी भाग कूटबद्ध करतो, त्यामुळे मोठ्या चित्रफिती कधीकधी दुरुस्त होतात. आज उतारा नसला तरी कूटबद्ध फाइली जपाव्यात याचे कारण ‘क्रिप्टोलॉकर’च्या इतिहासात आहे. 2013 मध्ये पसरलेल्या या प्रकाराचे जाळे 2014 मध्ये तपास यंत्रणांनी मोडले, किल्ल्या हाती आल्या आणि ज्यांनी फाइली राखल्या होत्या त्यांना त्या परत मिळाल्या.

खंडणी आणि मर्यादा

पैसे भरणे हा उपाय नव्हे, हे 27 जून 2017 च्या ‘नॉटपेट्या’ने सिद्ध केले. युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला हा प्रोग्रॅम मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीत शिरला आणि न्हावा शेवा येथील तिच्या समूहाच्या कंटेनर टर्मिनलचे संगणकीय कामकाज ठप्प झाले. त्याने पडद्यावर दाखवलेला ओळख क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता. त्यावरून किल्ली काढणे खुद्द हल्लेखोरालाही अशक्य होते.

2019 च्या अखेरीस ‘मेझ’ गटाने आणखी एक पाऊल टाकले. कूटबद्ध करण्यापूर्वी फाइलींची प्रत चोरून ती जाहीर करण्याची धमकी देणे ही त्यानंतर सर्रास पद्धत झाली. अशा हल्ल्यात बॅकअपने काम पुन्हा सुरू होते, पण बाहेर गेलेली माहिती कोणत्याही किल्लीने परत येत नाही.