शेंगा फोडणी यंत्राचा शतकभराचा मागोवा

हुबळीचा कोप्पीकर रोड हा आसपासच्या तालुक्यांचा बाजाररस्ता. कुंदगोळ, नवलगुंद, अण्णिगेरीकडची शेतकरी कुटुंबे कापडचोपड आणि घरातल्या चीजवस्तू घ्यायला इकडेच येतात. या मुलखात जोंधळ्याच्या भाकरीबरोबर शेंगाचटणी लागते आणि सणावाराला शेंगदाण्याची होळगी होते. शहरातल्या दुकानात मिळणारा दाणा सोललेला, निवडलेला, एका मापाचा असतो. त्यावरचे टरफल मात्र दुकानापासून दूर, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा गिरणीच्या आवारात निघालेले असते. हे काम यंत्राने व्हावे म्हणून गेल्या शंभराहून अधिक वर्षांत बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात आणि जगात इतरत्रही बऱ्याच जणांनी डोके लढवले. त्या प्रयत्नांकडे मागे वळून पाहिले की एक गोष्ट ठळकपणे दिसते. यंत्र जो विकत घेणार, त्याच्या गरजेप्रमाणे ते घडत गेले. तेलगिरणीवाल्याला हवे तसे यंत्र लवकर मिळाले. बियाण्याच्या शेंगा फोडत बसणाऱ्या बाईपर्यंत ते अजून नीट पोचलेले नाही.

शेंग हातात धरली तर काम सोपे वाटते, पण यंत्र बनवणाऱ्याची ती खरी परीक्षा घेते. वाळलेल्या शेंगेच्या वजनात साधारण ७० टक्के दाणा आणि ३० टक्के टरफल असते. दोहोंमध्ये थोडी पोकळी असते, म्हणून चांगली वाळलेली शेंग हलवली की खुळखुळते. यंत्राला सवलत मिळते ती या पोकळीएवढीच. टरफल फुटेल इतका दाब द्यायचा आणि तो दाण्याला लागण्याआधी सोडायचा. दाब जास्त झाला तर दाण्याच्या दोन पाकळ्या होतात, कमी झाला तर शेंग तशीच खाली उतरते. शिवाय एकाच पोत्यात एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी, जाड, बारीक आणि पोचट अशा सगळ्या शेंगा एकत्र असतात. ओल राहिली असेल तर टरफल फुटण्याऐवजी वाकते. फार वाळली असेल तर दाणाच फुटतो आणि त्याची साल निघते.

दाणा कशासाठी हवा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. तेलासाठी हवा असेल तर पाकळ्या झाल्या तरी लगेच गाळणाऱ्याचे फारसे बिघडत नाही. खाण्यासाठी विकायचा तर अख्ख्या दाण्याला भाव असतो. पेरायचा असेल तर अख्खा दाणाही पुरेसा नाही. दाण्याच्या टोकाशी कोंब असतो. तिथे धक्का बसला की वरून धडधाकट दिसणारा दाणाही उगवत नाही. म्हणून बियाण्याच्या शेंगा हाताने फोडाव्यात, असा सल्ला शेतकऱ्यांना आजही दिला जातो. हाताने फोडायच्या तर तासाभरात एखाद-दोन किलोच दाणे निघतात. एका हेक्टरच्या पेरणीला १०० किलोच्या आसपास दाणे लागतात. पेरणी तोंडावर आलेली असताना हे काम बायकांच्या अंगठ्यांवर पडते आणि काही दिवसांतच बोटांची कातडी सोलवटून निघते.

यंत्राने बी वेगळे करण्याचा या भागातला पहिला मोठा प्रयोग कापसावर झाला. १८४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात अमेरिकी कापूस लागवडदार धारवाड भागात आणले गेले. अमेरिकी जातीचा कापूस इथे रुजला आणि त्याच्याबरोबर करवती दात्यांची जिनिंग यंत्रेही आली. ती बिघडली की दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न लगेच उभा राहिला. अखेर त्यासाठी धारवाडात सरकारी कारखाना काढावा लागला. पुढे १८८० च्या दशकात सदर्न मराठा रेल्वेचा कारखाना हुबळीत आला आणि फिटर, टर्नर, साचेकार अशा कारागिरांची पिढी इथे तयार झाली. या दोन कारखान्यांनी घालून दिलेला धडा प्रत्येक शेतीयंत्राला लागू पडतो. ज्याचा तुटलेला दात जवळच्या लोहाराकडे किंवा ओतशाळेत बनत नाही, ते यंत्र दुसऱ्या हंगामात अडगळीत जाते.

भुईमुगाचे पीक एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिणेत वाढले, ते मुख्यतः फ्रान्समधल्या मार्सेच्या तेल-साबण कारखान्यांच्या मागणीमुळे. त्या वेळी शेंगा पाण्यात भिजवून काठीने बडवत असत. दाणा सुटा होई, पण ओलसर राही आणि बोटीच्या लांबच्या प्रवासात खवट होई. त्यामुळे कोरड्या शेंगा यंत्राने फोडून काढलेल्या दाण्याला जास्त भाव मिळू लागला. शेंगा फोडणी यंत्राचे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे निर्यातदार आणि गिरणीवाले. त्यांना वेग आणि कोरडेपणा हवा होता. दाण्याच्या उगवणीशी त्यांचा संबंध नव्हता.

शतकाच्या अखेरीस रोगांनी मुंबई इलाख्यातला भुईमूग खालावला. विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्याने स्पॅनिश, जपानी असे परदेशी वाण आणून पिकाला पुन्हा उभे केले. पसऱ्या जातींच्या जोडीला लवकर येणाऱ्या, लहान शेंगांच्या उपट्या जाती आल्या. शेंगेचे माप बदलले की यंत्राची जाळीही बदलावी लागते. वाण देणारे खाते आणि यंत्र बनवणारा कारखाना यांनी एकमेकांशी बोलायला हवे, ही गरज तेव्हापासूनची आहे.

याच काळात बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांचे काम सुरू झाले. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ साली जन्मलेल्या या माणसाने सायकलींच्या दुकानातून कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तिथून लोखंडी नांगराकडे मजल मारली. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीमुळे पहिले नांगर विकायला दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसली. तिथे नांगर, उसाचे चरक यांबरोबर भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्रही तयार होऊ लागले. १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू झाले आणि यंत्राची माहिती छापील मराठीतून गावोगाव जाऊ लागली. किर्लोस्करांचे मोठेपण मला इथे दिसते. विकलेले यंत्र शेतकऱ्याला समजले पाहिजे आणि त्याचा सुटा भाग त्याला मिळाला पाहिजे, ही जबाबदारी त्यांनी कारखान्याची मानली.

आपल्याकडे रूढ झालेले हातयंत्र साधे आहे. खाली अर्धगोल जाळी, वर पुढेमागे झुलणारा दांडा, दांड्याच्या टोकाला बिडाचे दातेरी तुकडे. शेंगा वरून टाकायच्या आणि दांडा हलवायचा. दाते आणि जाळी यांच्यामध्ये शेंग घासली जाऊन फुटते आणि दाणे-टरफल मिळून खाली पडतात. मग सुपाने पाखडायचे. दोन माणसे हाताने होतील त्याच्या कितीतरी पट शेंगा यावर फोडू शकतात. बोटे सोलत नाहीत, हा त्याचा मोठा गुण. पण दांडा उभ्या पुरुषाच्या उंचीचा आणि ताकदीचा धरून केलेला असतो. जाळी एकाच मापाची मिळते आणि दाते-जाळीतले अंतर कमीजास्त करायला पाने व बोल्ट लागतात. घरात शेंगा फोडणारी बाई डोळ्यांसमोर ठेवून ते बेतलेले नव्हते.

  पुढे विजेच्या मोटारी आल्या आणि फोडणीचे काम गावातून गिरणीकडे सरकले. मोटारीच्या यंत्रात फिरता ढोल शेंग फोडतो आणि त्याच वेळी पंखा टरफल उडवतो, त्यामुळे पाखडणे वाचते. या यंत्रांच्या उत्पादनात सौराष्ट्रातले राजकोट पुढे गेले, कारण भुईमूगही तिथेच सर्वांत जास्त पिकतो. वेग वाढला, तशी फूटही वाढली. ती कमी व्हावी म्हणून फोडण्याआधी शेंगांवर पाणी शिंपडण्याची पद्धत पडली. त्यातला धोका १९६० मध्ये जगासमोर आला. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यात ब्राझीलची भुईमूग पेंड होती आणि पेंडीत बुरशीने तयार केलेले अफलाटॉक्सिन हे विष होते. ओलसर आणि फुटलेला दाणा ही त्या बुरशीला मिळालेली मोकळी वाट. तेव्हापासून दाणा न फोडणारे यंत्र हा आरोग्याचाही विषय झाला आणि निर्यातीचाही.

सरकारी संशोधन त्यानंतर हळूहळू उभे राहिले. १९७६ मध्ये भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था निघाली, १९७९ मध्ये जुनागढला भुईमूग संशोधन केंद्र आले. १९८६ मध्ये देशात तेलबिया तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली आणि त्याच वर्षी धारवाडचे कृषी विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. धारवाडने तांबेरा आणि टिक्का या रोगांना तोंड देणारा जीपीबीडी-४ सारखा वाण दिला. भोपाळच्या संस्थेने बसून चालवायचे छोटे फोडणी यंत्र बायकांना सोयीचे व्हावे म्हणून तयार केले. ही दिशा योग्य होती. पण त्या छोट्या यंत्राचा प्रसार गिरणीच्या यंत्रासारखा झाला नाही. ज्या घरात ते हवे होते, त्या घरातल्या बाईच्या हाती यंत्रासाठी पैसा नव्हता. आणि ज्याच्या हाती पैसा होता, त्याला तिच्या बोटांची निकड वाटत नव्हती.

याच प्रश्नाला जगाच्या दुसऱ्या टोकाला एक चांगले उत्तर मिळाले. २००१ मध्ये जॉक ब्रँडिस हे अमेरिकेतले गृहस्थ माली देशातल्या एका खेड्यात पाणीपुरवठ्याची यंत्रणा दुरुस्त करायला गेले होते. तिथल्या बायका शेंगा फोडून फोडून रक्ताळलेल्या बोटांनी काम करत होत्या. स्वस्त यंत्र आणून देतो, असे वचन त्यांनी दिले. परतल्यावर शोध घेतला तर तसे यंत्र कुठेच मिळेना. जॉर्जिया विद्यापीठातल्या एका भुईमूगतज्ज्ञाने त्यांना बल्गेरियातल्या एका जुन्या रचनेचा दुवा दिला आणि त्यावरून त्यांनी सिमेंट काँक्रीटचे यंत्र केले. बाहेर एक शंकू, आत फिरणारा दुसरा शंकू आणि दोहोंमधली फट खाली निमुळती होत गेलेली. शेंग तिच्या जाडीला जुळणाऱ्या फटीपर्यंत घसरते, तिथे घासली जाऊन फुटते आणि दाणा खाली पडतो. मोठी शेंग वर फुटते, लहान शेंग खाली. वेगवेगळ्या मापांच्या शेंगांचा प्रश्न एका निमुळत्या फटीने सोडवला. ताशी सुमारे ५० किलो शेंगा आणि सामानाचा खर्च ५० डॉलरच्या आत. साचा मिळाला की यंत्र गावातच ओतता येते. २००३ मध्ये त्यांनी ‘फुल बेली प्रोजेक्ट’ ही संस्था काढून त्याचा प्रसार केला. यंत्र जड आहे आणि टरफल पाखडावे लागतेच. तरीही या रचनेची सुरुवात बायकांच्या बोटांपासून झाली, म्हणून ती वेगळी ठरली.

अशी दृष्टी आपल्याकडेही आहे. हुबळीपासून तासाभराच्या अंतरावरच्या अण्णिगेरीत अब्दुल खादर नडकट्टिन या शेतकऱ्याने चिंचेतून चिंचोके काढण्याचे यंत्र बनवले. घरच्या चिंचेच्या बागेत हे काम माणसांकडून करून घेणे परवडत नव्हते, तिथून ही कल्पना आली. पुढे पेरणी यंत्र, ऊस लागवडीचे यंत्र अशी अनेक यंत्रे त्यांनी घडवली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मोठी पदवी आणि प्रयोगशाळा नसताना, पिकाच्या आणि कामाच्या जवळ राहून यंत्र कसे घडते, याचा हा पुरावा आहे.

आता या पट्ट्याजवळ काय नाही? हुबळीत १९४७ पासून भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तेच पुढे केएलई तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. धारवाडला कृषी विद्यापीठ, बेळगाव-कोल्हापुरात ओतशाळा, अमरगोळला मोठी बाजार समिती. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी प्रकल्पासाठी शेंगा फोडणी यंत्र आवडीने निवडतात. दंड, पट्टा, मोटार यांचे गणित ते बिनचूक मांडतात. पण अहवालात बहुधा ताशी किती किलो आणि किती टक्के फूट एवढेच येते. त्या दाण्यांपैकी किती उगवले, हे क्वचितच विचारले जाते. यंत्राचे माप ठरवणारा पहिला प्रश्न तोच असायला हवा, असे माझे मत आहे.

तो तपासायला महाग उपकरण लागत नाही. एकाच पोत्यातल्या, हाताने फोडलेल्या शेंगांचे १०० दाणे आणि यंत्राने फोडलेल्या शेंगांचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि काही दिवसांनी कोंब मोजावेत. दोन्ही आकडे जवळ आले तर यंत्र पास. विद्यार्थ्यांनी ही चाचणी प्रकल्पाचा भाग करावी. कृषी विद्यापीठाने नवा वाण देताना त्याच्या शेंगेची लांबी, जाडी आणि योग्य जाळीचे माप जाहीर करावे. बचत गटांना एका गावासाठी एक यंत्र घेण्याला अर्थसाहाय्य मिळावे, म्हणजे खरेदीचा निर्णय यंत्र वापरणाऱ्या बाईच्या हाती येईल. लागणारे लोखंड, कारागीर, वाण आणि शाळा हे सगळे याच पट्ट्यात हजर आहे. येत्या खरिपाआधी एखाद्या महाविद्यालयाने आणि एखाद्या गावाने मिळून हे काम हाती घ्यावे.