बुलेट घ्यावी की स्प्लेंडर? धानाचा चुकारा हातात आला तरी आधी हा हिशेब करा

देसाईगंज (वडसा) : धानाचा चुकारा खात्यात जमा झाला की गावागावांत एकच चर्चा सुरू होते. जुनी गाडी काढायची आणि नवीन घ्यायची. बापाला ॲव्हरेज देणारी गाडी हवी असते, पोराला 'धकधक' वाजणारी. शोरूममध्ये दोन्ही गाड्या चकाचक दिसतात, पण गाडी घेणे सोपे आणि पोसणे कठीण. म्हणून शोरूमच्या पायऱ्या चढण्याआधी घरी बसून कागद-पेन घेतलेला बरा.

दोन गाड्या, दोन कामे

स्प्लेंडर प्लस ९७ सीसीची आहे. तिची ताकद ८ अश्वशक्तीच्या आसपास आणि वजन ११२ किलो. शाईन १२५ ची ताकद त्याहून थोडी जास्त आहे, वजन मात्र जवळपास तेवढेच. ह्या झाल्या रोजच्या कामाच्या गाड्या.

बुलेट ३५० किंवा क्लासिक ३५० चे इंजिन ३४९ सीसीचे. ताकद २० अश्वशक्ती आणि वजन १९५ किलो. ही लांबच्या प्रवासाची गाडी. डबलसीट बसून नागपूरला जायचे असेल तर ८० च्या वेगातही ती दमत नाही आणि रस्त्यावर पक्की बसते. तोच प्रवास १०० सीसीवर केला तर इंजिन सतत ताणात राहते, हात मुंग्यावतात आणि ट्रकला ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की वर्षातून नागपूरला किती वेळा जाता आणि शेतावर किती वेळा? बहुतेकांचे उत्तर सारखेच येईल.

पेट्रोलचा हिशेब

समजा कोंढाळा किंवा कुरुडच्या एका घरातला मुलगा कामासाठी रोज ४० किलोमीटर गाडी चालवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर १००० किलोमीटर झाले. सोप्या हिशेबासाठी पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू.

- १०० सीसी, ॲव्हरेज ६० : महिन्याला सुमारे १,७५० रुपये
- १२५ सीसी, ॲव्हरेज ५० : २,१०० रुपये
- १६० ते २०० सीसी, ॲव्हरेज ४० : २,६२५ रुपये
- ३५० सीसी, ॲव्हरेज ३३ : सुमारे ३,१८० रुपये

पहिल्या आणि शेवटच्या गाडीत वर्षाला १७ हजारांच्या वर फरक पडतो. २०२५-२६ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. म्हणजे मोठ्या गाडीपायी वर्षाला सव्वासात क्विंटल धान जास्तीचे जळते. ४० किलोचे १८ कट्टे! बांदीत उभे राहून हा आकडा मनात आणून पाहा.

कर आणि विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे स्प्लेंडर स्वस्त झाली, तशीच ३४९ सीसीची बुलेटही. मात्र ३५० च्या वर थेट ४० टक्के लागतो. हिमालयन ४५० सारख्या गाड्या त्यात येतात.

नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम भरावा लागतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५० सीसीपर्यंत ३,८५१ रुपये, ३५० पर्यंत ७,३६५ आणि त्याच्या वर १५,११७ रुपये, जीएसटी वेगळा. म्हणून 'शोरूम किंमत' ऐकून खुश होऊ नका. रस्ता कर, विमा, पासिंग सगळे धरून ऑन रोड किंमत लेखी मागा.

किस्तीचा सापळा

खरा फटका इथे बसतो. एक लाखाचे कर्ज, तीन वर्षे, '१० टक्के फ्लॅट' असे सांगितले जाते. ऐकायला कमी वाटते. पण फ्लॅटमध्ये तुम्ही फेडलेल्या रकमेवरही शेवटपर्यंत व्याज धरले जाते. तीन वर्षांचे व्याज ३० हजार, किस्त महिन्याला ३,६११ रुपये. घटत्या बाकीवर मोजले तर हाच दर १८ टक्क्यांच्या घरात जातो.

दुसरी गोष्ट अशी की किस्त दर महिन्याला येते, धानाचा पैसा मात्र हंगामाला. रोवणीच्या दिवसांत खत आणि मजुरी द्यायची असते, तेव्हाच किस्त थकते. मग दंड लागतो, आणि शेवटी गाडी ओढून नेण्याची वेळ येते. नोकरीचा पगार असेल तर गोष्ट वेगळी. फक्त शेतीवर घर चालत असेल तर अर्ध्याहून जास्त रक्कम रोख भरता येईल अशीच गाडी बघा.

चिखल, कट्टा आणि मिस्त्री

पावसाळ्यात पांदणीत गाडी फसली तर ११२ किलोची गाडी एकटा माणूस ओढून काढतो. १९५ किलोच्या गाडीला दोघे-तिघे लागतात. धानाचा कट्टा किंवा फवारणीचा पंप न्यायचा तर सरळ लांब सीट सोयीची. क्लासिकसारख्या गाडीची मागची सीट वेगळी आणि छोटी असते, तिथे कट्टा टिकत नाही. घरातल्या मुलीला किंवा सुनेला गाडी चालवायची असेल तर वजनाचा विचार आधी करा.

स्प्लेंडरची चेन पूर्ण झाकलेली असते, चिखल कमी लागतो. बुलेटची चेन उघडी, दर ५०० किलोमीटरला साफ करून तेल द्यावे लागते. स्प्लेंडरचे सामान खेड्यातल्या छोट्या दुकानातही मिळते. ३५० चे सर्व्हिस सेंटर आपल्या गावापासून किती दूर, हे बुकिंगआधी विचारा. एका सर्व्हिसिंगसाठी दिवस मोडला तर मजुरीही बुडते.

रात्रीचा जंगलरस्ता

मोठ्या गाडीची बाजू इथे भक्कम आहे. वडसा हे झाडीपट्टी नाटकांचे केंद्र. दिवाळीनंतर नाटके सुरू झाली की रात्रभर नाटक पाहून लोक पहाटे जंगलातून परततात. रस्त्यात रानडुक्कर आडवे येते, वाघाची भीती असते, आता रानटी हत्तीही आहेत. अशा वेळी ब्रेक महत्त्वाचा. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे, जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होत नाही. १२५ आणि त्याखालच्या बहुतेक गाड्यांना एकत्र लागणारा सीबीएस ब्रेक असतो. तो बरा, पण एबीएसची सर नाही. मात्र ८० च्या वेगात रानडुकराला धडकल्यावर कोणतेच ब्रेक कामाचे नाहीत. जंगलात वेग ४० च्या आत ठेवा आणि दोघांनीही आयएसआय मार्कचे हेल्मेट घाला.

गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की वैनगंगा फुगते आणि नाल्यांवरून पाणी जाते. 'आपली गाडी जड आहे, निघून जाईल' हा भ्रम सोडा. वाहते पाणी जड गाडीलाही लोटते. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरले असेल तर आतला रॉड वाकतो आणि हजारोंचा खर्च बसतो.

मधला रस्ता

कुरखेडा, कोरचीकडच्या कच्च्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांसाठी १५० ते २०० सीसीचा पर्याय आहे. एक्सपल्स २०० जमिनीपासून २२० मिलीमीटर उंच आहे, स्प्लेंडर १६५. पण उंची कमी असलेल्या माणसाचे पाय टेकत नाहीत, म्हणून आधी बसून, चालवून पाहा.

थोडक्यात सांगायचे तर शेत, बाजार आणि ब्रह्मपुरी-आरमोरीपर्यंतच्या रोजच्या फेऱ्यांना १०० ते १२५ सीसी पुरे. महिन्यात दोन-चार वेळा डबलसीट लांब जाणे असेल आणि पगार नियमित असेल, तर ३५० घ्यायला हरकत नाही. हौस करू नये असे नाही. फक्त हौसेची किस्त बियाण्याच्या पैशातून जाऊ नये, एवढे घरात सगळ्यांनी मिळून ठरवा.