‘प्रोटेस्ट’ या इंग्रजी क्रियापदाचे अर्थ व उपयोजन : एक विवेचन

प्रस्तावना

विरोधाचा आशय व्यक्त करणारी अनेक क्रियापदे इंग्रजी भाषेत आहेत. ‘अपोज’, ‘ऑब्जेक्ट’, ‘रेझिस्ट’ आणि ‘प्रोटेस्ट’ ही त्यांपैकी नित्य वापरातील होत. वर्गात अर्थ सांगताना या सर्वांना ‘विरोध करणे’ हा एकच प्रतिशब्द पुष्कळदा पुरेसा मानला जातो. ‘प्रोटेस्ट’च्या बाबतीत हा प्रतिशब्द विशेष अपुरा पडतो, कारण या क्रियापदाचा मूळ अर्थ विरोध हा नसून ‘जाहीरपणे साक्ष देणे’ असा आहे. हा मूळ अर्थ लक्षात घेतल्यास त्याच्या परस्परविरोधी भासणाऱ्या अर्थछटांची संगती लागते आणि कायद्याच्या भाषेतील त्याचा उपयोगही स्पष्ट होतो. प्रस्तुत लेखात या क्रियापदाची व्युत्पत्ती, अर्थ, वाक्यरचना आणि व्यावहारिक उपयोजन यांचा विचार केला आहे.

व्युत्पत्ती आणि अर्थविकास

लॅटिन भाषेतील ‘प्रो’ म्हणजे ‘पुढे, सर्वांसमक्ष’ आणि ‘टेस्टारी’ म्हणजे ‘साक्ष देणे’. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. ‘टेस्टिमनी’ आणि ‘टेस्टामेंट’ हे इंग्रजी शब्द याच कुळातील आहेत. ‘प्रोटेस्ट’ हे क्रियापद फ्रेंच भाषेच्या मार्गाने इंग्रजीत आले व पंधराव्या शतकात रूढ झाले. त्या वेळी ‘गांभीर्यपूर्वक प्रतिपादन करणे’ हाच त्याचा प्रधान अर्थ होता.

हा अर्थ शेक्सपिअरच्या काळात प्रचलित होता. ‘हॅम्लेट’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात, नाटकातील नाटक पाहत असताना, राणी गर्ट्रूड रंगमंचावरील राणीविषयी जे मत व्यक्त करते त्यात हे क्रियापद येते. रंगमंचावरील राणी पुनर्विवाह न करण्याच्या शपथा वाहत असते आणि त्या शपथा प्रमाणाबाहेर होत आहेत, असे गर्ट्रूडला वाटते. तेथे विरोध किंवा नकार यांचा संबंध नाही. आज मात्र हे वचन ‘अति नाकारणारा मनुष्य संशयास्पद ठरतो’ अशा अर्थाने वापरले जाते. अर्थ किती सरकला आहे, याचे हे बोलके उदाहरण म्हणता येईल.

साक्षीकडून विरोधाकडे झालेल्या या प्रवासातील एक महत्त्वाची घटना जर्मनीतील श्पायर येथे घडली. १५२६ मध्ये तेथील परिषदेने धर्मसुधारणेच्या पुरस्कर्त्यांना काही मोकळीक दिली होती. १५२९ च्या परिषदेत ती बहुमताने रद्द करण्यात आली. तेव्हा अल्पमतात असलेल्या राजांनी व १४ नगरांनी आपले म्हणणे विधिवत नोंदविले. या नोंदीवरून त्यांना ‘प्रोटेस्टंट’ हे नाव पडले. बहुमताचा निर्णय त्यांना रोखता आला नाही. तथापि त्या निर्णयास आपली संमती नाही, ही साक्ष त्यांनी सर्वांसमक्ष ठेवली. प्रतिपादन आणि विरोध हे दोन्ही अर्थ येथे एकत्र आलेले दिसतात. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये सभागृहाच्या निर्णयाविरुद्ध आपला ‘प्रोटेस्ट’ कारणांसह नोंदविण्याचा सदस्यांचा जो परंपरागत अधिकार आहे, त्याचे स्वरूपही असेच आहे. निर्णय कायम राहतो, परंतु असहमती नोंदली जाते.

वाक्यरचना आणि अर्थभेद

आधुनिक इंग्रजीत या क्रियापदाच्या प्रमुख रचना पुढीलप्रमाणे आहेत.

१) अकर्मक रचना : ‘दे प्रोटेस्टेड अगेन्स्ट द टॅक्स’, म्हणजे त्यांनी कराचा निषेध केला. ‘अगेन्स्ट’प्रमाणेच ‘अबाउट’ व ‘अ‍ॅट’ ही शब्दयोगी अव्ययेही येतात. ब्रिटिश इंग्रजीत निषेधाच्या अर्थी हीच रचना पारंपरिक आहे.

२) ज्याचा निषेध करावयाचा ते कर्म असलेली सकर्मक रचना : ‘दे प्रोटेस्टेड द वॉर’, म्हणजे त्यांनी युद्धाचा निषेध केला. ही रचना विसाव्या शतकात अमेरिकन इंग्रजीत रूढ झाली.

३) जे प्रतिपादन करावयाचे ते कर्म असलेली सकर्मक रचना : ‘ही प्रोटेस्टेड हिज इनोसन्स’, म्हणजे आपण निर्दोष आहोत, असे त्याने ठामपणे सांगितले.

४) ‘दॅट’ने आरंभ होणारे गौण वाक्य असलेली रचना : ‘शी प्रोटेस्टेड दॅट शी हॅड पेड’, म्हणजे पैसे भरले आहेत, असे तिने आग्रहाने सांगितले.

दुसऱ्या व तिसऱ्या रचनेत व्याकरणदृष्ट्या भेद नाही. अर्थ मात्र उलट आहेत. एकीत कर्म हे विरोधाचे लक्ष्य आहे, तर दुसरीत ते समर्थनाचा विषय आहे. केवळ ‘विरोध करणे’ हा अर्थ पाठ केलेला विद्यार्थी तिसऱ्या वाक्याचे ‘त्याने आपल्या निर्दोषत्वाला विरोध केला’ असे भाषांतर करील. मूळ अर्थ ‘साक्ष देणे’ हा आहे, हे ठाऊक असल्यास असा घोटाळा होत नाही. इंग्रजीने नामांच्या बाबतीत हा भेद बऱ्याच अंशी सांभाळला आहे. ‘प्रोटेस्ट’ हे नाम प्रायः निषेधासाठी येते, तर ‘प्रोटेस्टेशन’ हे नाम निर्दोषत्वाच्या, प्रेमाच्या किंवा निष्ठेच्या ठाम ग्वाहीसाठी वापरले जाते.

उच्चारातही भेद आहे. नाम असताना आघात पहिल्या अवयवावर, तर क्रियापद असताना दुसऱ्या अवयवावर पडतो.

समीपवर्ती क्रियापदे आणि मराठी विभक्ती

‘अपोज’ हे क्रियापद थेट कर्म घेते. त्यामागून ‘टू’ येत नाही. ‘अपोज्ड’ हे विशेषण असेल तरच ‘टू’ येतो. ‘ऑब्जेक्ट’ला आक्षेपाच्या विषयापूर्वी ‘टू’ आवश्यक आहे व त्यानंतर नाम किंवा ‘इंग’प्रत्ययान्त रूप येते. ‘रेझिस्ट’ थेट कर्म घेते आणि प्रत्यक्ष प्रतिकार सुचविते. प्रस्तावास ‘अपोज’ करणारा तो संमत होऊ नये अशी भूमिका घेतो. ‘ऑब्जेक्ट’ करणारा त्यातील काही गोष्टींवर हरकत घेतो. ‘रेझिस्ट’ करणारा त्याची अंमलबजावणी अडवितो. ‘प्रोटेस्ट’ करणारा आपली असहमती जाहीर करतो.

मराठी विद्यार्थ्यांच्या चुकांचे मूळ बहुधा मराठी विभक्तीत आढळते. मराठीत ‘प्रस्तावाला विरोध’, ‘प्रस्तावावर आक्षेप’ आणि ‘प्रस्तावाचा निषेध’ असे तीन निराळे प्रयोग होतात. ‘ला’च्या जागी ‘टू’ घालून ‘अपोज टू द प्रपोजल’ आणि ‘वर’च्या जागी ‘ऑन’ घालून ‘ऑब्जेक्ट ऑन द प्रपोजल’ अशी अशुद्ध रूपे तयार होतात.

‘निषेध’ या शब्दाचाही अर्थ बदललेला आहे, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. शास्त्रपरिभाषेत ‘विधी’च्या उलट तो ‘निषेध’, म्हणजे मनाई. ‘निषिद्ध’ या विशेषणात हा अर्थ आजही टिकून आहे. सार्वजनिक व्यवहारातील मराठीत मात्र ‘निषेध’ म्हणजे जाहीर धिक्कार. त्यामुळे ‘प्रोटेस्ट’ला हा प्रतिशब्द जवळचा वाटला, तरी तो त्याची एकच बाजू दाखवितो.

कायद्याच्या भाषेतील उपयोजन

निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, १८८१ च्या कलम १०० मध्ये ‘प्रोटेस्ट’ ही संज्ञा येते. वचनचिठ्ठी किंवा विनिमयपत्र यांचा अनादर झाल्यास धारक त्याची नोंद नोटरीकडून करवून घेऊन ती प्रमाणित करवू शकतो. या प्रमाणपत्रास ‘प्रोटेस्ट’ म्हणतात. येथे ‘साक्ष’ हा मूळ अर्थ जसाच्या तसा टिकलेला आहे.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा प्रयोग भूसंपादनाच्या कायद्यातील आहे. भूसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम ३१ अन्वये, मोबदल्याची रक्कम अपुरी आहे असे वाटणाऱ्या हितसंबंधितास ती ‘अंडर प्रोटेस्ट’ स्वीकारता येत असे. आणि तशी न स्वीकारल्यास कलम १८ खाली न्यायालयाकडे प्रकरण पाठविण्याचा अर्ज करता येत नसे. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यातही कलम ७७ मध्ये हीच अट आहे. वाढीव मोबदल्यासाठीचा अर्ज आता कलम ६४ खाली करावयाचा असतो.

या ठिकाणी ‘अंडर प्रोटेस्ट’चे भाषांतर ‘विरोध करून’ असे केल्यास शेतकऱ्याचा दोन प्रकारे गैरसमज होऊ शकतो. रक्कम नाकारली पाहिजे, असे त्याला वाटेल. किंवा संपादनाविरुद्धच्या आंदोलनात आपण सहभागी होतो, एवढे पुरेसे आहे, असे तो मानील. वस्तुतः कायद्याला यांपैकी काहीच अभिप्रेत नाही. रक्कम घ्यावयाची, परंतु ती पुरेशी असल्याचे मान्य नाही, ही नोंद त्याच वेळी करावयाची, असा त्याचा अर्थ आहे. ‘रकमेबाबत तक्रार कायम ठेवून’ असे साधे मराठी शब्द येथे अधिक नेमके ठरतात. पावतीवरील या चार शब्दांवर पुढील दाद मागण्याचा हक्क अवलंबून राहू शकतो.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘प्रोटेस्ट’ या क्रियापदाच्या सर्व उपयोगांमागे जाहीर साक्षीची कल्पना आहे. ही साक्ष स्वतःच्या बाजूने दिली की प्रतिपादनाचा अर्थ निघतो. दुसऱ्याच्या कृतीविरुद्ध दिली की निषेधाचा. अध्यापन करताना सुटा प्रतिशब्द देण्याऐवजी क्रियापद, त्याचे कर्म आणि त्यासोबतचे शब्दयोगी अव्यय ही एकत्रित रचना शिकविणे हितावह होय. भाषा, वाणिज्य आणि विधी या तिन्ही शाखांच्या अध्यापकांना हा शब्द निरनिराळ्या संदर्भांत भेटतो; त्यांनी परस्परांचे संदर्भ विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास एका शब्दाचा पूर्ण अर्थ त्यांच्या हाती येईल.