पावतीवरचे नाव



बाजारात आपण गाडी उभी करता, तोच पावतीपुस्तक हाती घेतलेला एक मनुष्य पुढे येतो. तो मागेल ते पैसे आपण देतो, पुष्कळदा कुरकुरत देतो, आणि पावती खिशात कोंबून आपल्या कामाला लागतो. ती पावती एकदा नीट वाचावी, अशी माझी विनंती आहे. पुष्कळ गावांत तिच्यावर नाव असते नगरपालिकेचे. पैसे मात्र जातात मक्तेदाराकडे, आणि त्या मनुष्याची मजुरीही तिथूनच येते. हा मक्ता बंद करून काम पुन्हा नगरपालिकेने हाती घ्यावे, अशी मागणी हल्ली होऊ लागली आहे. ते कसे करावे आणि कसे करू नये, हा आजचा विषय.

प्रथम माझी एक चूक सांगतो. माझी शाळा सातवीत सुटली. कायदा मी संघटनेच्या कचेरीत जुने निकाल वाचीत वाचीत शिकलो. काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेच्या वाहनतळावरचा एक कामगार मजकडे आला. एकाच चौकात उभे राहून त्याने अकरा वर्षे पावत्या फाडल्या होत्या. तेवढ्या अवधीत मक्तेदार चार वेळा बदलले, आणि दर वेळी त्याची नोकरी नव्याने सुरू झाल्याचे कागदावर चढले. "दादा, माझी अकरा वर्षं गेली कुठं?" एवढाच त्याचा प्रश्न होता. आम्ही मोर्चे काढले, निवेदने दिली. अखेर मक्ता बंद झाला आणि वाहनतळ नगरपालिकेकडे आला. आम्ही पेढे वाटले. पुढे नवी भरती निघाली, तीत वयाची अट होती, आणि तो मनुष्य बाहेर राहिला. आम्ही 'मक्ता बंद करा' एवढेच मागितले होते. त्या मक्त्यावर राबणाऱ्या माणसांचे काय, हे लिहून घेतलेच नव्हते. तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास करू लागलो.

मुळात रस्त्यावर गाडी उभी करण्याचे पैसे का घ्यावयाचे? जगातले पहिले पार्किंग मीटर १९३५ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात बसले. दुकानांपुढची जागा एकाच गाडीने दिवसभर अडवून धरू नये, दुसऱ्या गिऱ्हाइकालाही ती मिळावी, हा त्याचा हेतू. लंडनमध्ये १९५८ साली मीटर आले, आणि १९६० साली वाहतुकीचे वॉर्डन रस्त्यावर दिसू लागले. जागा फिरती राहावी यासाठी शुल्क आहे. तिजोरी भरणे हा त्याचा मूळ उद्देश नव्हे. हे ध्यानी ठेवले म्हणजे मक्त्यातली मेख आपोआप उमगते.

मक्ता दोन तऱ्हांचा असतो. पहिल्या तऱ्हेत मक्तेदार ठराविक रक्कम नगरपालिकेला देतो आणि वसुली स्वतः ठेवतो. जुन्या बाजारकराच्या मक्त्यासारखाच हा प्रकार. जितक्या जास्त गाड्या आणि जितका जास्त दर, तितका त्याचा लाभ. म्हणून दहाचे वीस घेण्याचा मोह त्यात आरंभापासूनच असतो, आणि शिव्या खातो तो पावती फाडणारा. दुसऱ्या तऱ्हेत वसुली नगरपालिकेची, आणि मक्तेदाराला काम करून देण्याचा मोबदला. हा प्रकार पुष्कळ बरा. परंतु निविदेतला दर कमी करावयाचा तर मक्तेदार काटछाट करणार कशात? या धंद्यात मोठा खर्च माणसांचाच, तेव्हा काटछाटही माणसांच्या मजुरीतच होते.

पहिल्या तऱ्हेचे टोकाचे उदाहरण अमेरिकेतील शिकागोचे. डिसेंबर २००८ मध्ये त्या नगरीने आपली सुमारे ३६,००० मीटरे ७५ वर्षांच्या कराराने एका खाजगी कंपनीस दिली आणि सुमारे ११५ कोटी डॉलर एकरकमी घेतले. प्रस्ताव जाहीर झाल्यापासून मंजूर होईपर्यंत अवघे काही दिवस गेले. पुढल्याच वर्षी नगराच्या महानिरीक्षकाने हिशेब मांडला, की मीटरे स्वतःकडे ठेवली असती तर त्यांचे मोल याहून ९७ कोटी डॉलरच्या आसपास अधिक भरले असते. आलेला पैसा अंदाजपत्रकाची भोके बुजविण्यात थोड्याच वर्षांत बहुतांशी संपला. आज त्या नगरीने दुरुस्तीसाठी वा उत्सवासाठी मीटरची जागा करारातील मर्यादेपलीकडे बंद ठेवली, तर तिला कंपनीस भरपाई द्यावी लागते. आपलाच रस्ता, आणि तो अडविल्याचे भाडे आपणच द्यावयाचे!

आता परत घेण्याची रीत पाहू. ती समजून घेण्यास ब्रिटन सोयीचे, कारण तिथे बाहेर देण्याचा आणि परत घेण्याचा असा दोन्ही अनुभव आहे. १९९१ च्या कायद्याने पार्किंगचा दंड करण्याचे काम पोलिसांकडून नगरसंस्थांकडे येऊ लागले, आणि कित्येक नगरसंस्थांनी ते खाजगी कंपन्यांना दिले. परंतु तिथे कामगारांच्या रक्षणाचा एक नियम आहे. तो १९८१ साली आला आणि २००६ साली अधिक स्पष्ट झाला. काम एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेले, म्हणजे त्या कामावरची माणसेही आपल्या वेतनासह, अटींसह आणि मागील नोकरीच्या वर्षांसह त्याच्याकडे जातात. नगरसंस्था काम स्वतःकडे परत घेते तेव्हाही हाच नियम लागतो. जुन्या मालकाने कामगारांची माहिती नव्या मालकास किमान २८ दिवस आधी दिली पाहिजे, आणि कामगारांच्या प्रतिनिधींशी विचारविनिमयही झाला पाहिजे. माझ्या त्या कामगाराच्या प्रश्नाचे उत्तर तिथल्या कायद्यात लिहिलेले आहे: अकरा वर्षे कुठेही गेली नाहीत, ती त्याच्याबरोबर चालत आली.

माणसांखालोखाल महत्त्व नोंदींचे. कोणत्या गल्लीत किती गाड्या केव्हा उभ्या राहतात, कोणाची तक्रार पडून आहे, कोणाचा परवाना कधी संपतो, हे सारे आज मक्तेदाराच्या यंत्रात असते. ते कोणाच्या मालकीचे, हे मूळ करारात लिहिले नसेल तर नगरपालिकेच्या हाती रिकामे फलाट येतात. तिसरी गोष्ट दंडाची. दंड किती केले यावर नोकराचे वा कंपनीचे मोल ठरवू नये, आणि दंडावरील औपचारिक हरकतींचा निर्णय मक्तेदाराकडे सोपवू नये, असे ब्रिटनमधील सरकारी मार्गदर्शन आहे. स्वतः नगरसंस्थेनेही लोभ धरू नये. लंडनमधील बार्नेट येथे रहिवाशांच्या परवान्यांचे दर केवळ उत्पन्नासाठी वाढविले होते. २०१३ साली उच्च न्यायालयाने ती वाढ बेकायदा ठरविली. तात्पर्य, मक्ता गेला म्हणजे लोभ गेला, असे समजण्याचे कारण नाही.

आपल्याकडे कायद्याची स्थिती निराळी आहे. कंत्राटी कामगारांविषयीचा १९७० चा कायदा होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. कंत्राट बंद झाले म्हणजे कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले. मात्र कंत्राट हा केवळ देखावा आहे असे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचाच ठरतो, हेही त्याच निकालात आहे. मुंबईत कचरा वाहतूक श्रमिक संघाने हाच लढा दिला, आणि एप्रिल २०१७ मध्ये महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. तरीही नावांच्या नोंदींतील तफावतीमुळे कित्येकांची नेमणूक पुढे रखडली. हजेरीपटावर नाव नीट नसणे ही किरकोळ बाब नव्हे. गरिबाची सारी नोकरी त्या एका ओळीत असते.

आता एक आक्षेप. कोणी म्हणेल, "नगरपालिकेचा नोकर कायम झाला की तो काम करीत नाही, आणि खर्च मात्र वाढतो." खर्चाविषयी मी लपवाछपवी करणार नाही. पूर्ण वेतन, भविष्य निर्वाह निधी, रजा हे द्यावयाचे तर मजुरीचा खर्च वाढतो. उलट बाजूस मक्तेदाराचा नफा आणि दर काही वर्षांनी निविदांवर होणारा खर्च वाचतो. बेरीज कुठल्या बाजूस झुकेल, हे प्रत्येक गावाने आपला हिशेब मांडून पाहावे; घोषणेने ते ठरत नाही. कामचुकारपणाचे म्हणाल, तर त्यावर देखरेख हाच उपाय आहे. मक्ता दिला तरी देखरेख टळत नाही. मग ती मक्तेदारावर ठेवावी लागते, इतकेच.

म्हणून आपल्या गावी असा ठराव येईल तेव्हा आपल्या नगरसेवकास चार प्रश्न विचारा. आज कामावर असलेल्यांची यादी, रुजू झाल्याच्या तारखेसह, तयार आहे काय? त्यांना नव्या नेमणुकीत वयाची सूट आणि मागील वर्षांचा लाभ मिळणार काय? नोंदी आणि यंत्रे कोणाच्या ताब्यात येणार? आणि पावतीच्या दराविरुद्ध तक्रार ऐकणारा अधिकारी कोण? हे चारही प्रश्न मक्ता संपण्यापूर्वी वर्षभर आधी विचारावे लागतात. नंतर विचारले तर उत्तर देणारा कोणी उरत नाही.

तो कामगार आता एका इमारतीवर रात्रीचा पहारेकरी आहे. कधी भेटला की चहा पाजतो, मागचे काही बोलत नाही. आम्ही त्या वेळी हे चार प्रश्न विचारले असते, तर तो आज आपल्याच चौकात उभा असता, आणि पावतीवर ज्याचे नाव, त्याचाच तो नोकर असता.