काटोल की कामठी?

नागपूर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. समजा, प्रत्येक तालुक्याच्या नावाचं एक फोल्डर संगणकात केलं आणि त्यात पावसाच्या नोंदी, संत्राबागांच्या याद्या असं काय काय ठेवलं. मग माऊस बाजूला सारून काळ्या खिडकीत फक्त ‘का’ टंकलं आणि टॅबची कळ दाबली. ‘का’ने सुरू होणारे तालुके दोन, काटोल आणि कामठी. शेल तिथेच थांबतं, दोन्ही नावं खाली मांडतं आणि पुढच्या अक्षराची वाट बघतं. ‘ट’ दिलं की पुन्हा टॅब, आणि काटोल पुरं. नुसत्या ‘क’वर टॅब मारला असता तर कळमेश्वर आणि कुहीसुद्धा यादीत आले असते.

एवढं साधं काम. पण देवनागरीतलं ‘का’ बिनचूक पुरं करायला शेलला तीसेक वर्षं लागली, आणि आजही हे काम नीट चालावं म्हणून काही खिट्ट्या आपल्यालाच फिरवाव्या लागतात. या लेखाचा विषय त्या खिट्ट्या. (हुकूम आणि पर्यायांची नावं प्रत्यक्षात रोमन लिपीत टंकायची असतात, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.)

शेल म्हणजे माणसाने टंकलेली ओळ वाचून ती संगणकाच्या गाभ्याकडे पोचवणारा प्रोग्रॅम. युनिक्सचं पहिलं शेल केन थॉम्पसन यांनी १९७१मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं. १९७९मध्ये स्टीव्हन बोर्न यांचं शेल आलं. पुढची अनेक वर्षं शाळा-कॉलेजांत ‘शेल’ शिकवणं म्हणजे बोर्न शेल शिकवणं, असंच समीकरण होतं. या दोन्हींत टॅबने नाव पुरं करण्याची सोय नव्हती. ती कल्पना आली टेनेक्स नावाच्या, युनिक्सशी नातं नसलेल्या प्रणालीतून. तिथे अर्धवट शब्द टंकून एस्केप दाबला की उरलेला भाग आपोआप उमटायचा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केन ग्रीअर यांनी फाईलचं नाव पुरं करण्याच्या कामाला १९७५मध्ये हात घातला आणि १९८१मध्ये ते सी-शेलमध्ये बसवलं. टीसीशेलच्या नावातला ‘टी’ याच टेनेक्सचा.

मग शाखा फुटत गेल्या. डेव्हिड कॉर्न यांचं कॉर्न शेल १९८३चं. ब्रायन फॉक्स यांनी मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीसाठी लिहिलेलं बॅश १९८९मध्ये आलं. १९९०मध्ये प्रिन्स्टनमधला विद्यार्थी पॉल फाल्स्टॅड याने झेडशेल लिहिलं. तिथल्या झोंग शाओ या अध्यापन-साहाय्यकाचं लॉगिन-नाव होतं ‘झेडएसएच’. ते एखाद्या शेलला शोभेल असं फाल्स्टॅडला वाटलं आणि त्याने तेच उचललं. अॅपलने २०१९मध्ये आपल्या संगणकांवर बॅशच्या जागी हेच शेल बसवलं, तेव्हा विद्यार्थ्याच्या या उद्योगाला फारच मोठं घर मिळालं.

झेडशेलची खासियत म्हणजे पर्याय. ते दीडशेच्या वर आहेत. ‘सेटऑप्ट’ लिहून पुढे पर्यायाचं नाव दिलं की तो चालू, नावाआधी ‘नो’ जोडला की बंद. नाव मोठ्या लिपीत लिहा की छोट्या, मध्ये अधोरेषा घाला की गाळा, शेलला फरक पडत नाही. ‘नोक्लॉबर’ चालू असेल तर उत्तर फाईलमध्ये वळवणारी बाणाची खूण वापरताना आधीची फाईल चुकून पुसली जात नाही. ‘हिस्ट इग्नोर स्पेस’ चालू असेल तर ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडून टंकलेला हुकूम इतिहासात नोंदला जात नाही. पासवर्ड असलेली ओळ लपवायला हे बरं. ‘आरएम स्टार वेट’ तर मला फार आवडतो. सगळ्या फायली उडवण्याचा हुकूम दिला की शेल आधी १० सेकंद थांबतं, त्या वेळात काहीही टंकलं तरी ऐकत नाही, आणि मगच ‘खरंच?’ असं विचारतं. रागाच्या भरात काही करू पाहणाऱ्याला पाणी प्यायला लावणारी आजी तरी याहून वेगळं काय करते?

हे सगळं घरच्या फोल्डरमधल्या एका ठिपक्याने सुरू होणाऱ्या फाईलमध्ये लिहून ठेवायचं. ठिपका असल्यामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. विदर्भात दोन-तीन पिढ्या युनिक्स शिकल्या, पण या फाईलशी त्यांची ओळख अशी झालीच नाही, असं माझं निरीक्षण आहे. शिकण्याची साधनं मात्र हाताशी होती. ‘लेट अस सी’ या पुस्तकाचे लेखक यशवंत कानेटकर नागपूरचेच. त्यांचं ‘युनिक्स शेल प्रोग्रॅमिंग’ हे पुस्तक देशभरच्या अभियांत्रिकी आणि एमसीएच्या मुलांनी वापरलं. पण प्रात्यक्षिकांच्या वहीत शेल म्हणजे फॅक्टोरियल काढणं, आकडा उलटा करणं आणि शब्द पॅलिंड्रोम आहे का ते बघणं. शेल हे राहायचं घर आहे आणि त्यात खुंटी कुठे ठोकायची ते आपण ठरवायचं असतं, हे परीक्षेत येत नाही. म्हणून कुणी सांगतही नाही. लॅबमधलं यंत्र सामायिक, आज या खुर्चीत तर उद्या त्या. मग स्वतःची फाईल ठेवणार तरी कुठे?

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने या शिकण्यातला एक अडसर नक्कीच दूर केला. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या या प्रकल्पात लिनक्सचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी निवेदनासह मिळतात. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपली खिडकी, ऐकत ऐकत करायचं. काटोलसारख्या गावी, नागपूरपासून साधारण ६० किलोमीटरवर, जिथे क्लास म्हटला की इटारसी लाईनची गाडी नाहीतर बस पकडून शहरात जाणं आलं, तिथे हे मोलाचं. निवेदन मराठी असलं तरी धड्यात टंकलं जातं ते रोमनमध्येच. देवनागरी टंकायला लागलं की पुढची गंमत सुरू होते.

‘काटोल’ या शब्दात डोळ्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या हिशेबात ती पाच आहेत: क, काना, ट, ओकार आणि ल. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाईट घेतो, म्हणजे काटोलचे १५ बाईट. रोमनमध्ये हेच नाव पाच बाईटांत मावतं. २२ मे २०१२ला काटोलच्या परिसरात उल्का कोसळल्या आणि जगभरच्या उल्कासंग्रहांत ‘काटोल’ हे नाव रुजू झालं, तेव्हा ते रोमनमध्येच गेलं. उल्कांच्या अभ्यासकांना आपल्या काना-मात्रांशी कधी झुंजावं लागलं नसेल.

बाईट तीन असले म्हणून बिघडलं कुठे? बिघडतं ते टॅबपाशी. टॅबचा नियम असा: जुळणाऱ्या सगळ्या नावांत सुरुवातीचा जितका भाग समान, तितका भरून टाकायचा. काटोल आणि कामठीत आपल्या लेखी ‘का’ समान आहे. पण ‘ट’ आणि ‘म’ यांच्या तीन बाईटांपैकी पहिले दोन सारखेच असतात, फरक पडतो तो तिसऱ्यात. जे शेल एक बाईट म्हणजे एक अक्षर असं धरून चालतं, ते ‘का’च्या पुढे आणखी दोन बाईट भरणार आणि ओळीच्या टोकाला दोन-तृतीयांश अक्षर लोंबकळत ठेवणार. पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्ह. त्यावर बॅकस्पेस दाबला की आणखी गोंधळ.

बॅशच्या ओळ-संपादकाला अनेक बाईटांचं अक्षर कळू लागलं २००२मध्ये, २.०५बी या आवृत्तीत. झेडशेलने हे काम ४.३ मालिकेत केलं. युनिकोड रुळण्याआधी, १९९१मध्ये भारतीय मानक झालेल्या इस्की या अक्षरसंकेत-पद्धतीत काटोलचे पाचच बाईट होत, तेव्हा टॅबची ही अडचण आलीच नसती. आली असती ती दुसरीच. जुनं बोर्न शेल प्रत्येक बाईटाचा आठवा बिट अवतरणातली अक्षरं ओळखायला स्वतःकडे राखून ठेवायचं, आणि इस्कीची भारतीय अक्षरं सगळीच्या सगळी आठवा बिट लागणाऱ्या वरच्या निम्म्यात बसवलेली. म्हणजे मराठी त्या दारातून आत येऊच शकली नसती. यूटीएफ-८ रचलं ते १९९२मध्ये, केन थॉम्पसन आणि रॉब पाईक यांनी. पहिलं युनिक्स शेल लिहिणारे थॉम्पसन ते हेच.

अक्षर ओळखता आलं तरी ते दाखवायचं कसं, हा प्रश्न उरतोच. टर्मिनलचा पडदा चौकटींच्या वहीसारखा आखलेला, एका घरात एक अक्षर. अक्षरांच्या रुंदीच्या युनिक्समधल्या नेहमीच्या कोष्टकात काना, दोन्ही वेलांट्या आणि ओकार यांना स्वतःचं एक एक घर आहे. उकार, एक मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण यांची रुंदी मात्र शून्य. म्हणून ‘काटोल’ पाच घरं घेतो आणि सहा घटकांचा ‘नागपूर’सुद्धा पाचच, कारण त्यातला दीर्घ उकार घर मागत नाही. काटोलमध्ये रुंदी शून्य असलेलं काहीच नाही, त्यामुळे तो झेडशेलमध्ये बिनतक्रार उमटतो. नागपूरपाशी मात्र ओळ तुटते. शून्य रुंदीचं चिन्ह आधीच्या अक्षराला चिकटवून दाखवायला झेडशेल आपण होऊन धजावत नाही, कारण सगळ्या टर्मिनलना ते झेपेलच याची त्याला खात्री नसते. म्हणून ते उकाराच्या जागी कोनी कंसात त्याचा क्रमांक छापतं. ‘कम्बायनिंग कॅर्स’ हा पर्याय चालू केला की कंस जातो आणि नागपूर नागपूरसारखं दिसू लागतं. अॅपलच्या यंत्रांवर तो आधीपासूनच चालू असतो, लिनक्सवर आपण करायचा. मराठी माणसाने आपल्या फाईलमध्ये लिहायची पहिली ओळ ही, असं माझं मत आहे.

दुसरी ‘ऑटो सीडी’. इंग्रजी लिहिणाऱ्यांना हा पर्याय दोन अक्षरं वाचवणारा चोचला वाटतो. आपलं तसं नाही. फोल्डरमध्ये शिरायचा हुकूम ‘सीडी’ रोमनमध्ये टंकायचा, मग कळफलक बदलून देवनागरीच्या इन्स्क्रिप्टवर यायचं, ‘का’ टंकायचं, पुढचा हुकूम द्यायला पुन्हा रोमनवर जायचं. दर ओळीला ही येरझार. ऑटो सीडी असेल तर फोल्डरचं नाव एकटंच हुकूम म्हणून चालतं आणि टॅब तिथेही काम करतो. ‘क’, ‘ळ’, टॅब, एंटर, की आपण कळमेश्वरात. २००९च्या चौथ्या आवृत्तीपासून बॅशमध्येही ही सोय आहे. ज्यांना आणखी पुढे जायचंय त्यांनी देवनागरीतच टोपणनावं द्यावीत, ‘सीडी’ला ‘जा’ आणि ‘एलएस’ला ‘यादी’. शेल कुरकुरत नाही.

बॅश वापरणाऱ्या इंग्रजी माणसाची सगळ्यात लाडकी खिट्टी म्हणजे टॅब मारताना लहान-मोठ्या लिपीतला भेद विसरायला लावणारी. देवनागरीत हा भेदच नाही, त्यामुळे ती आपल्या काहीच कामाची नाही. आपला भेद ऱ्हस्व-दीर्घाचा. स्टेशनवरच्या हिंदी पाटीवर नागपुर, मराठीत नागपूर. माहिती रेल्वेच्या हिंदी कागदावरून उतरवली की फोल्डर एका नावाचं आणि हात दुसरंच टंकतो. बॅशमध्ये यावर तयार उपाय नाही. झेडशेलची नाव पुरं करण्याची नवी यंत्रणा स्वेन विश्नोव्स्की यांच्या कामातून उभी राहिली आणि २००१च्या ४.० आवृत्तीने ती सर्वांपर्यंत पोचवली. तिच्यात ‘मॅचर-लिस्ट’ नावाची जागा आहे. तिथे दोन महिरपी कंस द्यायचे. डाव्यातलं पहिलं चिन्ह उजव्यातल्या पहिल्याशी जुळतं मानायचं, दुसरं दुसऱ्याशी. इंग्रजीवाले तिथे लहान आणि मोठी लिपी लिहितात. आपण पहिली-दुसरी वेलांटी आणि पहिला-दुसरा उकार लिहावा. यादीच्या सुरुवातीला एक रिकामी नोंद ठेवली तर शेल आधी तंतोतंत जुळणी शोधतं आणि काहीच सापडलं नाही तरच सैल होतं. शुद्धलेखनाच्या कडव्या पुरस्कर्त्यांनाही यावर हरकत घेता येऊ नये.

चुका दुरुस्त करण्याच्या सोयीत मात्र आपल्याला जागाच नाही. ‘करेक्ट’ चालू असेल तर चुकलेला हुकूम बघून झेडशेल विचारतं, तुम्हाला अमुक म्हणायचं होतं का? उत्तरं चार: नको, हो, सोडून दे, दुरुस्त करू दे. अंदाज बांधताना ते कळफलकावर कोणती कळ कोणाच्या शेजारी आहे हेही बघतं. त्यासाठी त्याच्या पोटात दोन नकाशे आहेत, नेहमीच्या क्वर्टीचा आणि ड्वोराकचा, आणि दुसऱ्यावर जायला ‘ड्वोराक’ नावाचा स्वतंत्र पर्याय. इन्स्क्रिप्टचा नकाशा नाही. ड्वोराकवर टंकणारा माणूस मी तरी काटोल-नरखेड पट्ट्यात पाहिलेला नाही. झेडशेलचा कोड खुला आहे. पण त्यातले नकाशे एका बाईटाच्या अक्षरांसाठी आखलेले, म्हणून तिसरा नकाशा जोडणं हे निव्वळ भर घालण्याचं काम नाही, त्या भागाची मांडणीच बदलावी लागेल.

आणि एक जागा अशी आहे जिथे सगळे पर्याय थकतात. ‘वऱ्हाड’ लिहून बघा. मधला तो अर्धा, चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत ऱ हे एकच चिन्ह आणि पाय मोडण्याची खूण. दुसरीत साधा र, त्याखाली नुक्ता, मग पाय मोडणं. तिसरीत साधा र, पाय मोडणं आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या दोन युनिकोडच्या नियमाने समान मानल्या जातात. तिसरी नाही. पण लिनक्सच्या फाईलप्रणालीला समानतेचे नियम माहीत नाहीत, तिला फक्त बाईट कळतात. म्हणून एकाच जागी ‘वऱ्हाड’ नावाची तीन फोल्डरं सुखेनैव नांदू शकतात. तिन्ही डोळ्याला सारखीच. ‘व’वर टॅब मारला तर शेल तीन हुबेहूब नावं दाखवून विचारतं, यातलं कोणतं? अशा वेळी जुन्या नावांवर एकदा रूपांतराचा प्रोग्रॅम चालवून सगळी एका तऱ्हेत आणावीत, आणि नवं फोल्डर करताना नावाच्या आधी आकडा घालावा. ‘०१’ टंकून टॅब मारला की पुढच्या र-काराशी आपल्याला देणंघेणं उरत नाही.