धाराशिव जपानीत कसं लिहाल?

मराठवाड्यातल्या मुलाला जपानी जमेल का, ही शंका छत्रपती संभाजीनगरजवळच्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेनं केव्हाच मिटवली. रोबोटची ओढ असलेल्या तिथल्या मुलांनी शिकायला हीच भाषा निवडली होती.

सुरुवात हिरागाना आणि काताकाना या लिप्यांनी करावी. प्रत्येकीत मूळ चिन्हं 46. क्रम तर आपल्या ओळखीचाच: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंसोबत संस्कृतची वर्णमाला चीनमार्गे जपानला पोहोचली, तिचीच ही खूण. मला हे फार जवळचं वाटतं. हिरागाना घडली चिनी चिन्हं भरभर लिहिता लिहिता. मोडी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

परकी नावं काताकानात लिहितात. धाराशिव घ्या. 'ध' नाही, म्हणून 'ता'वर दोन टिंबं देऊन 'दा'. मग 'रा', 'शि'. सुटा 'व' नाही, म्हणून 'बु'. झालं दाराशिबु! 'ल'सुद्धा नाही, त्यामुळे लातूरचा 'रा'नं आरंभ होतो. रोज एक ओळ, जास्तीत जास्त पाच चिन्हं, हातानं गिरवावी. कांजीकडे, म्हणजे जपानीतल्या चिनी चिन्हांकडे, नंतर वळावं.