डोळा स्वच्छ, दृष्टी अंधूक

स्वारगेटच्या एसटी स्टँडवर उतरून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही पेशंटांच्या पिशवीत दोन-तीन चष्मे असतात. कुणी भोरकडचे, कुणी सासवडचे, कुणी थेट पंढरपूरचे. प्रत्येक चष्मा नवा, प्रत्येकाचा नंबर थोडा निराळा, आणि दिसत मात्र एकानेही नाही. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, पडदाही ठीक. आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे : डोळ्यामागच्या नसेला सूज आली की पेशंटलाही काही दिसत नाही आणि डॉक्टरलाही! विनोद बरा आहे, पण ज्याची दृष्टी चालली आहे त्याला हसू कसे येणार?

अशा वेळी यंत्रे बाजूला सारून बोलत बसावे लागते. डोळा नुसते चित्र टिपतो. पाहतो तो मेंदू, तोही डोक्याच्या अगदी मागच्या बाजूने. मधली तार कुठे तुटली, हे पुष्कळदा पेशंटच्या बोलण्यातूनच कळते. 'एकाचे दोन दिसतात' म्हणणाऱ्याला मी आधी एक डोळा झाकायला सांगतो. तरीही दोन दिसले, तर दोष बहुधा त्या डोळ्यातच. एकच दिसले, तर दोन्ही डोळ्यांची जोडी फुटलेली. मग पुढचा प्रश्न : सकाळी कसे असते? सकाळी ठणठणीत आणि संध्याकाळी पापणी जड, असे असेल तर स्नायू थकवणाऱ्या मायस्थेनियाचा संशय. लोंबणाऱ्या पापणीवर दोन मिनिटे बर्फ धरला आणि ती वर उचलली गेली, की संशय बळावतो. मधुमेह्याची डोळा बाहेर वळवणारी नस कधीकधी रुसते. ती बहुधा तीनेक महिन्यांत रुसवा सोडते. मात्र पापणी पडली, दोन-दोन दिसू लागले आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर मी त्याच दिवशी स्कॅनला धाडतो. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाबत असेल, तर तो फुटायची वाट पाहता येत नाही.

मार्केट यार्डात टोमॅटो निवडणाऱ्या एक मावशी सुनेबरोबर आल्या. तक्रार अगदी त्यांच्या कामातली. "डॉक्टर, तांबडा कुठला नि कच्चा कुठला, कळंना झालंय." तीन महिन्यांत दोन चष्मे झाले होते. चष्म्याने अक्षर ठळक होते, टोमॅटो लाल होत नाही. मी बाटलीचे लाल झाकण पुढे धरले. "विटकरी हाय," मावशी म्हणाल्या. डोळ्याच्या आतली नस दिसायला निरोगी, गुलाबी.

"गोळ्या कसल्या चालू आहेत?"

"कसल्याच न्हाईत."

सून खाली मान घालून म्हणाली, "टीबीच्या हायेत." हा शब्द आपल्याकडे अजून दाराआडच उच्चारतात.

दारूबद्दलही मी विचारतोच. विषारी दारूतले मिथेनॉल याच नसेवर घाव घालते. मुंबईत मालवणीला २०१५ साली त्या दारूने शंभरावर माणसे दगावली. इथे तो प्रश्न नव्हता. क्षयाच्या गोळ्यांतले इथॅम्ब्युटॉल हे गुणी औषध, पण थोड्या रोग्यांत ते दृष्टीच्या नसेला बाधते. मात्रा जास्त किंवा मूत्रपिंड अशक्त असेल तर धोका वाढतो. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमात पूर्वी नव्या रोग्याला ते पहिले दोन महिनेच, आठवड्यातून तीनदा मिळे. रोजच्या गोळ्यांची पद्धत २०१७ साली देशभर आली, तेव्हापासून ते सहाही महिने रोज पोटात जाते. क्षय आटोक्यात आणायचा तर ते योग्यच आहे. पण मग गोळ्या देताना प्रत्येक महिन्याला एक तक्ता वाचून घ्यायला आणि एक लाल झाकण दाखवायला असा किती वेळ लागतो?

औषध वेळेत थांबले तर दृष्टी बरीचशी परतते. उशीर झाला तर परतेलच असे नाही. थांबवायचे मात्र क्षयाच्या डॉक्टरांनीच. पेशंटने मनाने गोळ्या सोडल्या तर क्षय उलटतो. मावशींना मी चिठ्ठी देऊन त्याच दुपारी तिकडे पाठवले. तपासणीत मूत्रपिंड कमजोर निघाले, औषध बदलले गेले. चार महिन्यांनी तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचल्या. लाल रंग अजून थोडा विटलेलाच आहे.

सध्या त्या बटाट्याच्या गाळ्यावर जातात. बटाटा हाताला कळतो, म्हणतात.